नोंद झाली ती दगडाची

दारावरची लाल फुली पहिल्यांदा दिसली तेव्हा एनायातला वाटलं, गल्लीतल्या पोरांनी काहीतरी खेळ मांडलाय. तिने रुमाल ओला करून घासून पाहिली. रंग तेलाचा होता, जाईना. मग तिची नजर पुढे गेली. शेजारच्या दारावर, त्याच्या पुढच्या दारावर, पार वळणापर्यंत तशाच फुल्या होत्या.

"घासू नका, उम्म हातेम," मागून फरगली म्हणाला. "उद्या येऊन परत काढतील, आणि दम मला भरतील."

फरगली तिथला तुरबी. कबरी उघडायच्या, बंद करायच्या, राखायच्या, हे त्याचं बापजाद्यांचं काम. कराफ्याच्या, म्हणजे कैरोच्या जुन्या दफनभूमीच्या, त्या अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. एनायातच्या मुलाला खाली त्यानेच उतरवलं होतं. तेव्हापासून ती त्याच्या तोंडी हातेमची आई, उम्म हातेम, झाली होती.

"कसली फुली आहे ही?"

"रस्त्याची. वरून पूल जाणार म्हणतात. हे सगळं निघणार."

"निघणार म्हणजे? आत माणसं आहेत."

"माणसांना वाळवंटात जागा देतायत. आत्ता अर्ज टाकला तर फाटकाजवळची मिळेल. उशीर झाला तर कुठे नेऊन टाकतील ते अल्लाला ठाऊक."

एनायात आत जाऊन नेहमीच्या जागी बसली. आवार लहानसंच होतं. चार भिंती, वर मोकळं आभाळ, कोपऱ्यात कोरफड, आणि फरशीखाली तळघर. तळघरात दोन खोल्या, मधे विटांची भिंत. एका खोलीत घरातले पुरुष, दुसरीत बायका. पुरुषांच्या खोलीत सगळ्यात शेवटी गेला तो हातेम. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा देऊन मित्रांबरोबर इस्माइलियाला निघाला आणि त्यांची मायक्रोबस उलटली. नवरा त्याआधीच कुवेतला जाऊन तिकडचा झाला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर एनायातच्या आठवड्यात एकच दिवस उरला होता, शुक्रवार. त्या दिवशी ती इथे यायची, झाडलोट करायची, पोरांच्या हातावर शुरेक पाव ठेवायची आणि संध्याकाळी सैय्यदा झैनब मोहल्ल्यातल्या आपल्या खोल्यांत परत जायची.

फुलीची बातमी तिच्या भावाला, शौकतला, तिच्या आधीच लागली होती. तो दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन आला. वीजमंडळात आयुष्य घालवलेला माणूस, सरकारी कागद म्हटला की त्याला कचेरीच्या पायऱ्या चढायला काही वाटत नसे.

"इथे सही कर. वारसांपैकी दोघांची लागते."

"अब्बांना दोनदा पुरायचं?"

"मग काय करायचं म्हणतेस? बुलडोझरसमोर आडवी पडतेस?"

"सगळ्या कैरोत रस्ता काढायला आपलीच गल्ली सापडली यांना?"

"हे मला नको विचारू. ज्यांना विचारायचं ते आपल्याशी बोलत नाहीत." शौकतने पेन तिच्यापुढे सरकवलं. "हे बघ, अम्मी-अब्बा माझेही आहेत. मला काय हौस आहे? पण लोक पटापट नेतायत. चांगल्या जागा संपतील."

"पुढच्या आठवड्यात बघू."

पेन तसंच राहिलं. शौकतने अर्ज घडी करून खिशात घातला. मोठ्या बहिणीवर आवाज चढवायची त्याला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात डॉक्टर नेव्हीन भेटली. पुरातन वास्तूंच्या खात्यातली. तिशीची, सडपातळ, बुटांवर धूळ, गळ्यात कॅमेरा. पाडापाडी सुरू व्हायच्या आत काय काय वाचवता येईल ते बघत ती दारोदार हिंडत होती. एनायातच्या आवारात डोकावली आणि उंबऱ्यातच थबकली.

"हे काय आहे?"

"कुठलं?"

"हे. ज्यावर तुम्ही थर्मास ठेवलाय."

तो सित शमसाचा, म्हणजे शमसाबाईंचा, दगड होता. संगमरवराचा चौथरा आणि त्यावर उभा खांब, खांबावर कोरलेल्या गुलाबांच्या माळा आणि वळणदार अक्षरं. सित शमसा घरातली नव्हे. पणजोबा राजवाड्यातल्या बायकांचे कपडे शिवायचे. तिथली ही एक सर्केशियन बाई, लहानपणी विकत आणलेली, पुढे मुक्त केलेली. मेली तेव्हा तिला आपलं म्हणणारं कोणी नव्हतं. पणजोबांनी तिला आपल्या आवारात, बायकांच्या खोलीत, जागा दिली. दगड राजवाड्यातून आला. एनायात आणि शौकत लहानपणी त्या चौथऱ्यावर चहाचे पेले मांडायचे, आणि अम्मी दर वेळी म्हणायची, पुसून ठेवा रे, आणि तिच्या नावाने एक फातिहा म्हणा, तिला कोणी नाही.

नेव्हीन गुडघ्यांवर बसली. बोटाने एकेक अक्षर चाचपू लागली. खाली कोपऱ्यात, मातीत बुडालेल्या भागात, कोरणाऱ्याचं नाव निघालं. तिचा चेहरा उजळला.

"बाई, हा माणूस फार मोठा खुशनवीस, सुंदर अक्षरं कोरणारा, होता. त्याचं इतकं अखंड काम मी पाहिलेलं नाही." मग तिने मान वर करून भिंती पाहिल्या, जुनं दार पाहिलं, दारावरची फुली पाहिली. "तुम्ही अजून जागा सोडायचा अर्ज केलेला नाही ना?"

"नाही."

"करू नका. नोंदीसाठी अर्ज करू. एकदा वारसा म्हणून सरकारी नोंद झाली की कोणी हात लावू शकत नाही. रस्त्याला वळसा घ्यावा लागतो. पलीकडच्या घुमटाजवळ घेतलाच आहे ना?"

ते खरं होतं. पलीकडे एका पाशाचा घुमट होता, त्याची नोंद जुनी. सगळ्या फुल्या त्याला वळसा घालून गेल्या होत्या.

एनायातने त्या दिवशी नेव्हीनच्या हातातून अर्ज ओढूनच घेतला म्हणायचं. आपल्या घराण्याला राजवाड्यातून आलेल्या त्या परक्या बाईचा असा आधार मिळेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. त्या रात्री हातेम गेल्यापासून पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

मग तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. या मजल्यावरून त्या मजल्यावर, या शिक्क्यासाठी रविवार, त्या शिक्क्यासाठी बुधवार. कारकुनांना ती ओळखीची झाली. "आल्या बघा शमसाबाई," असं एक जण म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. तीही हसायची. नेव्हीनने अख्ख्या आवाराचा अहवाल लिहिला, भिंती, दार, तळघर, दगड, सगळं. शेवटी स्थगिती मिळाली. निर्णय होईपर्यंत त्या आवाराला कोणी धक्का लावायचा नाही.

एनायातने शौकतला फोन करून सांगितलं.

"कोणी धक्का लावायचा नाही म्हणजे आपणही नाही ना?"

"आपण कशाला लावू?"

"मी परवा अर्ज द्यायला गेलो होतो. तुझ्या सहीशिवाय. म्हटलं निदान अम्मी-अब्बांना तरी नेऊ. तर म्हणे, हे आवार तपासणीखाली आहे, तळघर उघडायला बंदी. तू माझेही हात बांधलेस, एनायात."

"बांधले कुठे? वाचवतेय मी त्यांना. नोंद होणार आहे, नेव्हीन म्हणाली."

"नेव्हीन म्हणाली," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

उन्हाळा चढला तशी गल्ली रिकामी होत गेली. लोक सकाळी यायचे, फरगली फरशा उचलायचा, पांढऱ्या कापडात बांधलेली गाठोडी वर यायची आणि गाडीत जायची. दुपारपर्यंत मशीन येऊन भिंत लोळवायचं. एकेका शुक्रवारी एनायात यायची तेव्हा आणखी दोन-चार दारं नाहीशी झालेली असायची. कुराण म्हणणारे आंधळे शेख यायचे थांबले. पावासाठी धावत येणारी पोरं आपापल्या आईबापांबरोबर कुठे कुठे पांगली. फरगलीच्या कमरेच्या किल्ल्या मात्र तशाच वाजत होत्या. कुलपं उरली नव्हती, तरी तो त्या काढून ठेवत नव्हता.

"तुमचं चांगलं चाललंय," तो एकदा तिला म्हणाला. टोमणा होता की नाही तिला कळलं नाही. "अख्ख्या गल्लीत तुम्ही आणि पाशा."

मशीनने शेजारची भिंत पाडली त्या दिवशी जमिनीखालचा जुना नळ फुटला. पाणी गल्लीत आलं. कंत्राटदाराच्या माणसांनी वर माती लोटली आणि ते पुढे गेले. पाणी मातीखालून वाहतच राहिलं. पुढच्या शुक्रवारी एनायातला आपल्या आवाराच्या भिंतीला खालून हातभर ओल चढलेली दिसली. कोरफड ताठ, टवटवीत झाली होती. त्या कोरफडीला महिनाभरात कोणी पाणी घातलेलं नव्हतं.

"मुअल्लिम फरगली, तळघर उघडा. आत बघू द्या."

"हात नाही लावायचा मी. कागद चिकटवलाय दारावर. तुमच्यासाठी मी तुरुंगात जाऊ?"

ती कचेरीत गेली. तिला शमसाबाई म्हणणाऱ्या कारकुनाने तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला, फाइल उघडली.

"सित एनायात, फाइल समितीपुढे आहे. समिती बसेपर्यंत जागा आहे तशी ठेवायची असते."

"पण ती आहे तशी राहत नाहीये. पाणी शिरतंय."

"तसा अर्ज द्या. तपासणीला माणूस येईल."

तिने अर्ज दिला. माणूस आला नाही. नेव्हीन वरच्या लोकांशी भांडली, आणि तिला काही दिवस दुसऱ्याच शहराच्या कामावर पाठवण्यात आलं. शौकतला पाण्याचं सांगायला एनायातची जीभ रेटेना. त्याला ते फरगलीकडून कळलं. तो तिच्या घरी आला, दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"माझे आईबाप पाण्यात पडलेत आणि तू मला सांगितलंही नाहीस."

"निर्णय आठवड्याभरात होईल म्हणाले."

"तुला हातेमला सोडवत नव्हतं. ते मी समजू शकतो. पण तसं म्हणायचंस. दगड कशाला पुढे केलास?"

तो जिना उतरून गेला. एनायात दाराशी उभी राहिली. तो म्हणाला ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

निर्णय आला. नेव्हीनचा फोन आला तेव्हा तिचा आवाज विचित्र होता. एनायातला मात्र पहिले दोन शब्दच ऐकू आले, नोंद झाली. तिने फोन ठेवला, खाली जाऊन मिठाई घेतली, शेजारणींना वाटली. शौकतला निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याची गाडी येणार होती म्हणून ती उजाडताच कराफ्यात पोचली.

गाडीतून फोम उतरला, लाकडी पेटारा उतरला, जाड पट्टे उतरले. मागोमाग नेव्हीन. तिचे डोळे सुजलेले होते.

"पेटारा कशाला?" एनायातने विचारलं.

"बाई, मी काल सांगत होते, तुम्ही फोन ठेवलात." नेव्हीनने कागद पुढे केला. "मी सगळं आवार लिहिलं होतं. समितीने दगडाची नोंद केली. फक्त दगडाची. हलवता येण्याजोगी वस्तू म्हणून. तो संग्रहालयात जाणार."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्यात वारसा म्हणण्यासारखं काही नाही, असं लिहिलंय."

एनायातने कागद वाचला. उभं राहून वाचला, मग चौथऱ्याच्या कडेला बसून पुन्हा वाचला. कामगारांपैकी एक जण अदबीने म्हणाला, "हाज्जा, जरा बाजूला बसाल? दगडाला घाम लागतो." ती उठली.

त्यांनी काम फार जपून केलं. गुलाबांच्या माळांवर कापूस ठेवला, प्रत्येक अक्षरावरून मऊ कापड फिरवलं. चौघांनी श्वास एक करून खांब उचलला, लहान मूल पाळण्यात ठेवावं तसा पेटाऱ्यात ठेवला. मग चौथऱ्याखाली पहारी घातल्या. चौथरा सुटला, आणि त्याच्या जागी उघड्या पडलेल्या मातीतून हळूहळू पाणी वर आलं. काळं, वास मारणारं. कामगार मागे सरले. एकाने नाकाला रुमाल लावला. सित शमसा स्वतः तिथेच, त्या मातीखाली कुठेतरी होती. तिच्याबद्दल कागदात काही नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही.

नेव्हीन रडू लागली. एनायातने तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. "जा बेटी, तुझी गाडी थांबलीय," ती म्हणाली.

नोंद झाली तशी स्थगिती उठली होती. मशीन परवा येणार होतं. शौकत निरोप मिळाल्यावर मिठाई खायला नव्हे, भांडायला म्हणून निघाला होता. आवारात आला, खड्डा पाहिला, बहिणीचा चेहरा पाहिला, आणि भांडण त्याच्या तोंडातच राहिलं. त्याने कोट काढून कोरफडीवर ठेवला.

"फरगली, उघड."

फरशी उचलली. आतला वास बाहेर आला तेव्हा फरगलीने तोंड फिरवलं. त्याने आयुष्यभर हेच केलं होतं, तरी. दोघं खाली उतरले. वरून एनायातला फक्त टॉर्चचा उजेड इकडेतिकडे हलताना दिसत होता आणि पाण्यात पाय ओढल्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला. शौकत पायऱ्या चढून अर्धा वर आला. कोपरापर्यंत चिखल. एनायातला त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी तापात असताना दिसायचा तसा भाव दिसला.

"मधली भिंत पडलीय," तो म्हणाला. "सगळा चिखल एक झालाय. कोण कुठे आहे ते कळत नाही."

"हातेम शेवटचा होता. पायऱ्यांजवळ. उजव्या हाताला."

"एनायात."

"त्याचं कफन जाड होतं, मी स्वतः आणलं होतं."

"नाहीये गं तसं काही. मी हाताने पाहिलं."

खालून फरगलीचा आवाज आला. "उम्म हातेम, तुम्ही म्हणाल त्याला मी हातेम म्हणून बांधून देतो. बायका विचारतात, मी देतो. तुम्हाला कोणी सांगायला येणार नाही. पण तुम्हाला मी फसवणार नाही."

पलीकडे कुठेतरी मशीन चालू होतं, आणि फरशीवरची धूळ हलत होती.

"सगळ्यांना एकत्र बांधा," ती म्हणाली. "मिळेल ते सगळं. त्या शमसालाही."

"ती आपली नाही," शौकत म्हणाला.

"आता कोण आपलं ते तुला ओळखू येतंय का?"

शौकत परत खाली गेला.

वाळवंटातल्या नव्या दफनभूमीत त्यांच्या नावाची जागा नव्हती. अर्जांची मुदत वसंतातच संपली होती. धर्मादाय ओळीत, बेवारशांच्या शेजारी, एक खड्डा मिळाला. फरगली त्यांच्याबरोबर गाडीत आला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिथल्या तुरब्याने गाठोडी मोजायला घेतली तेव्हा फरगलीने त्याला बाजूला ढकललं आणि स्वतः उतरून ती एकाशेजारी एक ठेवली. शौकतने दुआ म्हटली. मधेच त्याचा आवाज गेला, मग त्याने सुरुवातीपासून म्हटली. वर लावायच्या सिमेंटच्या पाटीवर कोणाचं नाव घालायचं असं तिथल्या माणसाने विचारलं. शेवटी घराण्याचं नाव घातलं, बाकी काही नाही.

त्यानंतर शौकत बहिणीकडे आला नाही. फोनही नाही. ईदला त्याच्या मुलीने येऊन ईदची कहक बिस्किटं दिली आणि आपल्या अब्बांना बरं नाही असं सांगितलं. एनायातनेही विचारलं नाही. गल्ली पडली, पाशाच्या घुमटाभोवती तारेचं कुंपण आलं, पुलाचे खांब उभे राहिले. फरगली मुलाकडे, फय्यूमला गेला. नेव्हीन दोनदा फोन करून गप्प राहिली. तिसऱ्यांदा एनायातने तिला घरी बोलावलं, कॉफी दिली, तिच्याशी तिच्या लग्नाबद्दल बोलली. दोघींनी दगडाचा विषय काढला नाही.

हिवाळा संपताना एका दुपारी शौकत आला. जिना चढून दमला होता. यावेळी आत आला, बसला.

"मी संग्रहालयात गेलो होतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"बघायला. दगड काचेत ठेवलाय. वरून दिवे सोडलेत. शाळेची पोरं येऊन फोटो काढतायत. खाली माहितीची पाटी आहे, कोरणाऱ्याचं नाव आहे, राजवाड्याचं नाव आहे. पणजोबांचं नाही." त्याने चहाचा पेला हातात फिरवला. "अम्मी असती तर म्हणाली असती, बरं झालं, पुसून ठेवतात तरी."

एनायातने बशी त्याच्याजवळ सरकवली.

"मला तुझा राग आहे," शौकत म्हणाला. "जात नाहीये. मी प्रयत्न करून पाहिला."

"जाऊ दे म्हणत नाही मी."

"पण दर शुक्रवारी एकटीच वाळवंटात त्यांच्याकडे जातेस म्हणे. दोन बस बदलून."

"तीन. शेवटची नेहमी येतेच असं नाही."

शौकतने खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर कोणीतरी भाजीची गाडी ढकलत ओरडत चाललं होतं.

"या शुक्रवारी मी गाडी घेऊन येतो. आठला तयार राहा." तो उठला, दाराशी थांबला. "डोक्यावर काहीतरी घे. तिकडे सावली नाही."